दुखलं तर डावा हात वर

हो, तीच बोट. भिंतीवरच्या फोटोत आहे ती — आणि जिन्याच्या पायथ्याशी टोपी घालून, ओठ घट्ट मिटून उभा आहे तो मीच, शेजारी आमची ही, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, सात दिवसांत तीन बेटं, निळं पाणी, नारळाची झाडं, सगळं काही — तोंड उघडा, अजून, अजून थोडं, शाबास — ओठ का मिटलेत म्हणाल तर पोटात ढवळत होतं म्हणून. बोट धक्क्याला दोरखंडाने बांधलेली होती हो तेव्हा, तसूभर हलली नव्हती! मीच हललो होतो. आता एक मुंगी चावेल. चावली? झालं, संपलं. आता भूल चढेपर्यंत दहा मिनिटं निवांत पडून राहायचं आणि आमच्या दवाखान्याचा एकच नियम लक्षात ठेवायचा, सव्वीस वर्षांचा नियम आहे — दुखलं तर डावा हात वर. बोलायला जायचं नाही, जीभ मध्ये येते. आणि उजवा हात नाही बरं का, उजवीकडे मी बसतो. एकदा एका पैलवानाने उजवा वर केला तो थेट माझ्या चष्म्याला लागला, चष्मा बेसिनमध्ये. चष्मा गेला की माझा कारभार आटोपलाच — हातभर अंतरापलीकडे समोर माणूस आहे की कपाट आहे एवढंच कळतं. म्हणून डावा. डावा वर गेला की मी थांबतो, काहीही झालं तरी थांबतो. माझ्याबद्दल लोक काय वाट्टेल ते बोलतील, पण हात वर केला आणि डॉक्टर थांबला नाही असं एक माणूस म्हणणार नाही. निदान ह्या खुर्चीवरचं तरी.

तर तुम्हीही निघालात म्हणा. शनिवारी, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून, आणि आज गुरुवारी दाढ ठणकायला लागली — दाढेला मुहूर्त बरोबर कळतो, दहा वर्षं गप्प बसेल पण बोटीची तिकिटं काढली की उठेल. घाबरू नका, आज बुजवून देतो, बेटावर पोचाल तेव्हा दाढ होती हेही विसराल. बाहेर बसल्यात त्या मिसेस ना तुमच्या? हिच्याशी गप्पा सुरू झाल्यात वाटतं. होणारच. आमची ही बाहेरच्या टेबलावर बसते, नंबर लावते, रडणारी पोरं गप्प करते — दवाखाना खरं तर तीच चालवते, मी आत बसून नुसती भोकं पाडतो. आणि गंमत सांगू? सव्वीस वर्षांत ती ह्या खुर्चीवर एकदाही बसलेली नाही. दात दाखवायला पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते! पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून मी हे लोकांना विनोद म्हणून सांगत असे. टाळ्या घ्यायचो. मूर्ख माणूस आपल्याच नाकावर टिच्चून टाळ्या घेतो, बघा.

बोटीची तिकिटं मुलीने काढली. म्हणाली, बाबा, आयुष्यात एकदा आईला घेऊन कुठेतरी जा, आणि एक करा, हत्यारांची पेटी नेऊ नका. मी म्हटलं, छे, पेटी कशाला. आणि नेली. मोज्यांमध्ये गुंडाळून नेली — चिमटे, आरसा, सिमेंट, कापूस, भुलीच्या दोन सुया. आता बोटीवर डॉक्टर असतो, चांगला पांढऱ्या कपड्यातला असतो, पण आम्ही पडलो दूरदर्शी. खोलीसुद्धा मीच बदलून घेतली. मुलीने समुद्राकडची, खिडकीची घेतली होती — मी फोन करून आतली घेतली, बोटीच्या पोटातली, कारण मध्यभागी बोट कमी हलते असं मी कुठेतरी वाचलं होतं. कमी हलते, खरंय. पण खिडकीच्या जागी तिथे पडदा लावलेला असतो, आणि पडदा सारला की भिंत. हिने पहिल्या दिवशी हौसेने पडदा सारला, भिंत बघितली, परत लावला. मी म्हटलं, बघ, किती शांत झोप लागेल.

ओठ जड झाला? जिभेने लावून बघा. अजून थोडं थांबू.

तुम्ही लिफ्टवाले ना? म्हणजे दुरुस्तीवाले. मग तुम्हाला माझं दुखणं कळेल. तुम्ही कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात, लिफ्टमध्ये शिरलात, तर आधी काय करता? कान लावता. बायको बिचारी सांगत असते की तिथे गेल्यावर अमुक बोलू नका, तमुक काढू नका, आणि तुम्ही वर बघून ऐकत असता की कुठलं चाक कुरकुरतंय. बरोबर? मान हलवू नका, सुई नाहीये पण आरसा आहे आत. तसंच माझं. मला माणसाचं तोंड दिसतच नाही, बत्तिशी दिसते. पहिल्याच दिवशी बोटीवर सगळ्यांना केशरी जॅकेटं घालून ओळीने उभं करतात आणि एक अधिकारी सांगतो, बोट बुडायला लागली तर कुठे पळायचं. तो जीव तोडून सांगत होता आणि मी बघत होतो त्याचा समोरचा दात — मेलेला, राखाडी. ही विचारते, अहो, आपण कुठल्या होडीत बसायचं? मी म्हणतो, लहानपणी सायकलवरून पडलाय. तिने कपाळाला हात लावला. खरंच बुडाली असती बोट तर मी त्या दाताच्या मागोमाग गेलो असतो, बाकी काही ऐकलंच नव्हतं.

पहिलं बेट मी बघितलं. होडीच्या तळाला काच असते, त्यातून खाली प्रवाळ दिसतं — तुम्हालाही नेतील, चुकवू नका — लोक 'अहाहा' करत होते, लाल, जांभळं, पिवळं, मध्ये मध्ये मासे. मी बघितलं आणि म्हटलं, बापरे, ह्याला वेळेवर कुणीतरी साफ करायला हवं होतं! सगळे हसले. ही पण हसली, तिच्या पद्धतीने — म्हणजे असा हात तोंडापुढे धरून. ती तशीच हसते. लाजाळू आहे, असं मी म्हणायचो. लक्षात ठेवा हे, पुढे लागेल.

चला, चढली भूल. मोठा आ. आवाज येईल, आवाजाला घाबरायचं नाही, आवाज माझ्यासारखा आहे — नुसताच मोठा.

तर जेवायला आमचं टेबल ठरलेलं होतं, आठ जणांचं. बाकीच्यांचं सोडा, त्यात होते एक बेकरीवाले आणि एक रिटायर्ड मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका बाई एकट्याच फिरायला निघालेल्या, सत्तरीच्या, वर-खाली पूर्ण कवळी — उत्तम बसवलेली, मी पहिल्या घासालाच ओळखली, आणि शहाण्याने गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, बाई, कवळी कुणी केली हो, हात छान आहे! बाईंनी चमचा खाली ठेवला, म्हणाल्या, शाळेत तुमच्या वर्गात मुलं पुष्कळ असतील पण तुम्हाला मित्र एकही नसेल. ही हसली. हात तोंडाला. आणि त्या दिवसापासून त्या दोघींचं गूळपीठ जमलं.

बेकरीवाल्यांची गोष्ट अशी की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी टॉफी चावली आणि दाढेवरची कॅप टॉफीबरोबर बाहेर. एवढा मोठा माणूस, रडकुंडीला आला. मी काय केलं असेल? मी उठलो आणि मोजे आणायला गेलो! हातात मोजे बघून हिला कळलंच सगळं. मुली, म्हणाली — लेक तिथे नसताना हवेतच म्हणाली — मुली, तुझे बाबा. पाच मिनिटांत कॅप बसवली. झालं, बोटीवर बातमी पसरायला काय वेळ लागतो, दुसरं काही काम असतं का कुणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खोलीबाहेर पाच माणसं. पाच! गालाला हात लावून बोळकांडीत ओळीने उभी. चौथ्या नंबरला कोण, तर बोटीवरचा डॉक्टर. अक्कलदाढ. मला सांगा, अशा वेळी माणसाची छाती फुगणार की नाही? फुगली. ती सकाळ दुसऱ्या बेटाची होती — तिन्हींतलं सगळ्यात सुंदर, असं सगळे म्हणतात, पांढरी वाळू, कमरेएवढं पाणी, पायाखाली मासे फिरतात. ही तयार होऊन उभी, पायात नव्या चपला. मी म्हटलं, तू हो पुढे, मी दोन जणांचं उरकून मागच्या होडीने येतो. ती म्हणाली, या. नुसतं 'या'. आणि गेली मुख्याध्यापिका बाईंबरोबर. मागची होडी गेली, तिच्या मागची गेली, मी आपला त्या बिनखिडकीच्या खोलीत, टेबललॅम्प एका हातात, डॉक्टरसाहेबांची अक्कलदाढ दुसऱ्या हातात. दुखतंय का? नाही ना? हात खाली आहे म्हणजे नाही. जरा थुंकी ओढून घेतो.

आता ऐका खरी गोष्ट. नाही, सांगणार नव्हतो. पण तुम्ही शनिवारी निघताय म्हणून सांगतो, आणि तुम्हाला तोंड मिटता येत नाहीये तोवर सांगतो, म्हणजे तुम्ही मध्ये काही समजूत घालणार नाही.

त्या बोटीवर फोटोवाले असतात. चढताना, उतरताना, बेटावर, जेवताना — सारखे टिपतात, आणि वरच्या मजल्यावर एक लांबलचक भिंत आहे तिच्यावर सगळे फोटो लावतात. आपण जायचं, आपला शोधायचा, घ्यायचा. पाचव्या दिवशी, म्हणजे आमच्या लग्नाच्या वाढदिवशी, मी सकाळीच गुपचूप तिथे गेलो. म्हटलं, एक छान फोटो घ्यावा, दुपारच्या जेवणाला सगळ्यांसमोर हिला द्यावा. काल बेटावर गेलो नाही त्याची जरा भरपाई. शोधतोय, शोधतोय. शेकडो फोटो, सगळे दात काढून हसतायत, मला तर मेजवानीच. एका बाईचा फोटो होता — पाण्यात उभी, केस ओले, मोठी थोरली टोपी मागे सरकलेली, आणि काय हसतेय, काय हसतेय, डोळे मिटलेत, सगळी बत्तिशी बाहेर. मी थांबलो तिथे. वरचा डावा सुळा फिरलेला, शेजारच्या दातावर किंचित चढलेला. मनात म्हटलं, छान केस आहे, तार लावून अठरा महिन्यांचं काम. आणि पुढे गेलो. पुन्हा तिथून आलो, पुन्हा तो सुळा बघितला, पुन्हा पुढे. तीनदा. शेवटी तिथल्या मुलीला म्हटलं, आमचा फोटो दिसत नाही हो. तिने खोलीचा नंबर विचारला, यादीत बघितलं, सरळ गेली, आणि तोच काढून माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, नाही नाही, ही माझी बायको नाही. ती म्हणाली, सर, नंबर हाच आहे. मी म्हटलं, बाई, पंचवीस वर्षं संसार करतोय, मला माझी बायको ओळखता येत नाही का?

नाही आली. घड्याळावरून ओळखली. डाव्या मनगटावरचं घड्याळ, मीच दिलेलं, पांढरी तबकडी, सहाच्या जागी बारीक तडा. ते घड्याळ मला पाठ आहे — का पाठ आहे सांगू? कारण ती हसली की मला तेच दिसायचं. हात तोंडापुढे यायचा आणि मनगट माझ्या डोळ्यांपुढे. पंचवीस वर्षं मी तिच्या हसण्यावर वेळ बघत आलो. फोटोत ते घड्याळ पार वर होतं, डोक्याच्याही वर, हात हवेत. मागे मुख्याध्यापिका बाई, कवळीसकट हसत.

कापूस ठेवतोय, गालाकडे. जीभ तिकडे नको.

मी तिथेच बाकावर बसलो. आणि काय झालं, तो सुळा मला आठवला. मी तो आधी बघितला होता. एकदा. आमच्या पहिल्या भेटीत, हिच्या मावशीच्या घरी, पुढच्या खोलीत दोघांनाच बसवलं होतं — समोर चहा, मध्ये टेबल, मी नुकताच पास झालेला, अंगात नवा कोट, बोलायला विषय नाही. मी कपात बिस्कीट बुडवलं, ते तुटून पडलं, काढायला गेलो तर चमचाही पडला, कोटावर चहा. ती हसली. अशी हसली — मोकळी, डोळे मिटून. आणि मला ती इतकी आवडली, इतकी आवडली की काहीतरी द्यावं असं वाटलं तिला, त्या क्षणी, जे काय माझ्यापाशी होतं ते. आणि माझ्यापाशी काय होतं? मी म्हटलं, तुमचा वरचा डावा सुळा फिरलेला आहे, मी दीड वर्षात सरळ करून देईन. अहो, प्रेमाने म्हटलं! दुसरा कुणी फूल देतो, कुणी कविता म्हणतो, मला जे येत होतं ते मी दिलं. तिने तोंड मिटलं. मी समजलो, लाजली. लग्नाला हो म्हणाली, म्हणजे दात सरळ करायला हो म्हणाली असंच मी धरलं, दोन-चारदा आठवणही केली — 'कधी बसतेस खुर्चीवर?' मग विसरलो. ती विसरली नाही.

आता तुम्ही म्हणाल, कळलं ना गाढवाला, मग जाऊन माफी मागायची. तेच तर! मीही तेच ठरवलं. फोटो पाकिटात घातला, दुपारी टेबलावर गेलो, केक आला, वेटर लोकांनी टाळ्या वाजवल्या, बेकरीवाल्यांनी केकची चव घेऊन नाक मुरडलं आणि म्हणाले, हा भाजताना भट्टीवाला झोपला होता — आणि ही हसली. आणि हात वर गेला. डावा हात. तो डावा हात वर जाताना मी बघितला. माझा नियम! दुखलं तर डावा हात वर. अख्ख्या गावाला मी हा नियम शिकवला, लहान पोरांना शिकवला, आणि माझ्यासमोर एक बाई पंचवीस वर्षं हात वर करून बसलीय आणि मी एकदाही थांबलो नाही. मला रडू येणार होतं हो तिथेच. काहीतरी चांगलं बोलावं, अगदी मनातलं, म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून काय बाहेर पडलं? सव्वीस वर्षांची सवय. खणखणीत आवाजात म्हटलं — 'हात खाली! तोंड उघड!'

हो. सगळ्या टेबलासमोर. वेटर अजून टाळ्या वाजवत होते, ते थांबले.

ती उठली. काटा नीट ताटात ठेवला, रुमाल घडी केला, आणि बाहेर डेकवर गेली. मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं आता अंगठे धरून उभं करतात. मी मागे धावलो. ती कठड्याशी उभी. समुद्र त्या दिवशी खवळलेला, बोट अशी वर, अशी खाली. मी जवळ गेलो, म्हटलं, 'अगं, मी —' आणि पोटातलं सगळं वर आलं. केकसकट! कठड्यावरून वाकलो, मान खाली, आणि नाकावरून चष्मा सटकला. गेला. बुडबुडासुद्धा दिसला नाही — दिसणार कसा, चष्मा नव्हता ना. तिने माझी पाठ चोळली. मी पुन्हा 'अगं' म्हणायला गेलो, तर म्हणाली, बोलू नका, आधी तोंड रिकामं होऊ दे. आणि मग तीच बोलली. लग्नानंतर पहिल्यांदा असं झालं असेल की तोंड माझं उघडं आणि बोलणारं माणूस दुसरं. म्हणाली, 'तुम्ही लोकांचं हसणं बघत नाही, मोजता. मावशीच्या घरी तुम्ही माझं मोजलंत. मी तो दात सरळ केला नाही, मुद्दाम नाही केला, म्हटलं एवढी एक वस्तू माझी वाकडी राहू दे. फक्त तुम्हाला दाखवायची नाही.' बस, एवढंच. आवाज चढला नाही, काही नाही. पाठ चोळत होती सगळा वेळ. आणि मी, इतकं ऐकून मी काय म्हटलं माहितीये? मी म्हटलं, 'चूळ भरायला पाणी दे.'

आता निळा दिवा लावतो, भरलेलं कडक व्हायला, वीस सेकंद. डोळे मिटलेत तरी चालेल.

पुढचे दोन दिवस मला काही दिसलं नाही. दुसरा चष्मा? बॅगेत मोज्यांची जागा केली तेव्हा काढून ठेवला होता घरी! आम्ही दूरदर्शी. तिसरं बेट म्हणजे खाली एक पिवळा पट्टा, वर एक हिरवा ढीग. ती मला हाताला धरून नेत होती, इथे पायरी आहे, इथे खेकडा आहे, ही बाई आहे, कपाट नाही, नमस्कार करू नका त्या खांबाला. आणि त्या खांबाला नमस्कार केल्यावर ती हसली. माझ्या अगदी शेजारी. मी वळून बघितलं — दिसत तर काही नव्हतं, तिचा चेहरा म्हणजे एक गव्हाळ डाग — पण त्या डागात मध्ये पांढरं होतं काहीतरी. आणि पुढे हात नव्हता. घड्याळ नव्हतं. मी मुद्दाम अजून दोन खांबांना नमस्कार केला. ती वाळूत बसली हसून हसून. आंधळा मागतो एक डोळा — माझे तर होते ते दोन्ही गेले तेव्हा कुठे मिळालं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दोन दिवस, आणि मला ते दिसलेच नाहीत!

आणि मग मी काय केलं? परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्याच्या दारात उभा. पेशंट खोळंबले होते ना! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नवा चष्मा घालून घरी आलो, म्हटलं, कसा दिसतो? ती हसली. हात वर.

त्याला आता आठ महिने झाले. माफी? राहिली ती. रोज ठरवतो. तोंड उघडलं की पुन्हा काहीतरी दाताबद्दलच निघेल ह्या भीतीने मिटून घेतो. पेशंटच्या तोंडात दिवसभर बोलतो, घरी दातखिळी. हा खण उघडतो — बघा, हाच तो फोटो, चिमट्यांच्या खाली ठेवलाय, दिवसातून एकदा बघतो. सुळा? अजून दिसतो हो सुळा. खोटं कशाला बोलू. पण आता तो आधी दिसत नाही.

कागद ठेवतो, चावा. किटकिट करा. उंच लागतंय? थोडं घासतो. बरं, तुम्ही आत येताना घंटी वाजली ना? ती मी बसवली. पूर्वी मी स्वतः दारात जाऊन पेशंटला बोलवायचो. पण मी दार उघडलं की ती जे काय हसत असेल ते तिथेच — हात वर. मग घंटी बसवली. लोक म्हणतात, डॉक्टर, दवाखाना सुधारलात. मी म्हणतो, हो. घंटीने काय होतं, दार बंद राहतं. दार बंद असलं की ती —

थांबा. मशीन बंद करतो.

ऐकलंत? तुमच्या मिसेसनी काहीतरी सांगितलं असणार. तुमच्याबद्दलच असेल, नवऱ्याबद्दल असल्याशिवाय बायका इतकं हसत नाहीत. हे — हे हिचं हसणं. ते पहिलं तुमच्या मिसेसचं होतं, हे आमच्या हिचं. श्वास लागतो तिला मध्ये, मग पुन्हा सुरू. मावशीच्या घरी अशीच.

काय? डावा हात का वर केलात? दुखतंय? नाही? मग... दाराकडे काय दाखवताय? नको हो. मी गेलो की थांबेल ती. आठ महिने बघतोय. तुम्ही लिफ्टवाले, तुम्हाला बटण दाबलं की दार उघडतं असं वाटतं. हात खाली करा. करा ना खाली. थांबलोय मी, हे बघा, हत्यार ठेवलं, थांबलो.

बरं. दाढ झालीये तुमची. दोन तास त्या बाजूने चावायचं नाही. शनिवारी खिडकीची खोली असेल तर बदलू नका. आणि हा... हा चष्मा धरा जरा. नको, तुमचे हात ओले आहेत, इथे ट्रेमध्ये ठेवतो, आरशाशेजारी. दोन्ही काड्या मिटून. कपाट ते — दार हे. बरोबर ना? हां.

तुम्ही चूळ भरा. सावकाश भरा, घाई नाही, सगळं पाणी संपेपर्यंत भरा. आणि इकडे बघू नका.